अर्ध्या लिटरची बाटली: बालदम्यावरच्या एका संशोधनाचं प्रकरण

दम्याचा झटका आलेलं मूल समोर आलं की अनुभवी बालरोगतज्ज्ञ स्टेथोस्कोपला हात लावण्याआधी आईला सदरा वर करायला सांगतो. बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते का, गळ्याखालच्या खळगीत खड्डा पडतो का, मूल एका दमात वाक्य पुरं करतं की दोन शब्दांनंतर थांबतं, एवढं पाहिलं तरी झटका किती मोठा आहे याचा बराचसा अंदाज येतो. उपचारही ठरलेला आहे. आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध लवकरात लवकर छातीत पोचवायचं. साल्ब्युटामोल हे असं औषध १९६९ पासून बाजारात आहे. औषध मोजून फवारणारा इनहेलर, ज्याला आपल्याकडे सगळे 'पंप' म्हणतात, १९५६ पासून आहे. म्हणजे औषध जुनं, यंत्र त्याहून जुनं. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या बहुतेक गरीब मुलांपर्यंत हा उपचार नीट पोचत नव्हता, आणि त्याचं कारण औषधाची किंमत एवढंच नव्हतं.

या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहेत केप टाउनच्या बालरोगतज्ज्ञ आणि बालफुफ्फुसविकारतज्ज्ञ डॉ. हेदर झार. रेड क्रॉस वॉर मेमोरियल चिल्ड्रन्स हॉस्पिटल आणि केप टाउन विद्यापीठ इथे त्यांची कारकीर्द घडली. पुढे त्या तिथल्या बालरोग विभागाच्या प्रमुख झाल्या. २०१८ साली लॉरेआल-युनेस्कोचा महिला शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार त्यांना आफ्रिका आणि अरब देशांच्या विभागातून मिळाला, तो न्यूमोनिया, क्षयरोग आणि दमा या तिन्ही विषयांवरच्या कामासाठी. कारकीर्द मोठी आहे आणि तिचा पट दम्यापुरता नाही. पण तिची पद्धत ज्यात सगळ्यात स्वच्छ दिसते ते काम आहे शीतपेयाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवरचं, म्हणून इथे जास्त जागा बाटलीला.

अडचण नेमकी कुठे होती

पंप तोंडात धरायचा, संथ श्वास आत घ्यायला सुरुवात करायची, त्याच क्षणी डबी दाबायची, श्वास पुरा करायचा आणि दहा सेकंद रोखून धरायचा. हे सगळं एका लयीत जमवायचं असतं. धडधाकट मोठ्या माणसांचंही इथे चुकतं. चार वर्षांच्या, धाप लागलेल्या, घाबरून रडणाऱ्या मुलाकडून ही अपेक्षा करणं म्हणजे थट्टाच. डबीतून औषध जोरात बाहेर येतं, जिभेवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि गिळलं जातं. आईला वाटतं औषध दिलं. छातीपर्यंत त्यातलं फारच थोडं गेलेलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे स्पेसर, पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची एक पोकळ नळी. दाबलेला फवारा आधी या पोकळीत शिरतो आणि त्याचा वेग मोडतो. मोठे थेंब नळीच्या भिंतींना चिकटतात, बारीक कण हवेत तरंगत राहतात. मुलाने वेळ साधण्याची गरजच उरत नाही. नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेतले की काम झालं. अगदी लहान बाळ असेल तर पुढे मास्क लावायचा.

दुसरा मार्ग नेब्युलायझरचा, म्हणजे आपल्या ओपीडीतल्या भाषेत 'वाफ'. त्यात वाफ मुळीच नसते, औषधाचा गार तुषार असतो, पण नाव रुळलं ते रुळलं. नेब्युलायझरला वीज किंवा ऑक्सिजनचा दाब लागतो, यंत्र लागतं, त्याच्या नळ्या-मास्क धुवायला माणूस लागतो. एका मुलाचं होईपर्यंत दुसरं ताटकळतं. आणि इतकं करून फायदा जास्त होतो म्हणावं, तर तसंही नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अनेक चाचण्या पाहिल्या, तेव्हा झटक्याच्या वेळी पंप आणि स्पेसर हा मार्ग मुलांमध्ये नेब्युलायझरच्या तोडीचा निघाला. वर, नेब्युलायझर दिलेली मुलं तातडीच्या विभागात सरासरी १०३ मिनिटं थांबत होती आणि स्पेसर दिलेली त्याहून ३३ मिनिटं कमी. हा निष्कर्ष जिवाला धोका असलेल्या अतितीव्र झटक्याला लागू करायचा नसतो, हेही त्याच आढाव्याच्या मर्यादांत आहे. पण रोजच्या ओपीडीत येणारी बहुसंख्य मुलं त्या गटातली नसतात.

मग स्पेसर सगळीकडे का नव्हता? कारण तो आयात व्हायचा, महाग होता आणि ज्या दवाखान्यांना तो सगळ्यात जास्त हवा होता तिथेच मिळत नव्हता. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदाची राजवट संपली आणि मंडेला सरकारने सहा वर्षांखालच्या मुलांना सरकारी दवाखान्यात मोफत उपचार जाहीर केले. मुलं दवाखान्यात येऊ लागली. पण मोफत उपचार जाहीर केल्याने कपाटात स्पेसर येत नाही. आला तरी तो दवाखान्यातच राहतो, मुलाबरोबर घरी जात नाही. आणि दम्याचा झटका तर बहुधा घरी, रात्री येतो.

जुगाड आणि पुरावा

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या कथेचा सोपा अवतार सांगताना ती गाळली जाते. 'गरीब देशातल्या हुशार डॉक्टरने बाटलीचा स्पेसर शोधून काढला' असं सांगितलं की ऐकायला छान वाटतं. पण बाटल्या आणि कप वापरणं आधीपासून चालू होतं. पंप आहे आणि स्पेसर नाही, अशा जागी कुणी ना कुणी कागदी कपाला भोक पाडलंच असणार. थर्माकोलचा कप सर्रास वापरात होता. प्रश्न असा होता की या कपातून, या बाटलीतून औषध मुलाच्या छातीत जातं की नाही, हे मोजून पाहिलेलं फारसं कुणी नव्हतं. डॉक्टर आपापल्या अंदाजावर चालले होते. झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यात त्याच रुग्णालयातले ॲलर्जीतज्ज्ञ युजीन वाइनबर्गही होते, तो अंदाज मोजमापाला लावला. माझ्या मते या प्रकरणातला शोध तो आहे. जुगाड करणारे पुष्कळ असतात. पण आपल्याच जुगाडाला तो नापास होऊ शकेल अशा परीक्षेला बसवणारे फार थोडे.

आता बाटली. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची शीतपेयाची बाटली घ्यायची आणि स्वच्छ धुवायची. एका तारेला पंपाच्या तोंडाच्या आकाराचा लांबटगोल वाक द्यायचा, ती विस्तवावर तापवायची आणि बाटलीच्या बुडाला टेकवायची. प्लास्टिक वितळून नेमकं त्या मापाचं भोक पडतं. चाकूने कापलं तर कडा वेड्यावाकड्या येतात आणि फट राहते, तापल्या तारेने कापलं तर पंपाचं तोंड घट्ट बसतं. उरलीसुरली फट गोंदाने बुजवायची. बाटलीचं तोंड मुलाने ओठांत धरायचं, बुडाकडून आईने पंप दाबायचा. झडप नाही, दुसरा कुठलाही भाग नाही. मूल बाटलीतच श्वास सोडतं आणि बाटलीतूनच घेतं.

१९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत दम्याचा झटका आलेली ५ ते १३ वर्षांची ८८ मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कुणाच्याही मर्जीविना, त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटाला विकतचा स्पेसर, दुसऱ्याला फट बुजवलेली बाटली, तिसऱ्याला फट न बुजवलेली बाटली, चौथ्याला थर्माकोलचा कप. औषध सगळ्यांना एकच, श्वासनलिका मोकळ्या करणारं फेनोटेरॉल. औषधाआधी आणि औषधानंतर मुलांना तपासलं आणि यंत्रात फुंकायला लावून फुफ्फुसांची क्षमता मोजली.

झटका सौम्य होता त्या मुलांमध्ये साधनांचा फरक उठून दिसला नाही. याचं नवल वाटायला नको. नळ्या थोड्याच आवळलेल्या असतील तर थोडं औषधही पुरतं. मध्यम ते तीव्र झटक्यात मात्र चित्र वेगळं झालं. फट बुजवलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या बरोबरीने उतरली. फट न बुजवलेली मधोमध राहिली. कप सगळ्यात मागे पडला.

या निकालाकडे दोन बाजूंनी पाहता येतं. बाटली चालते, ही बातमी. पण कप चालत नाही ही त्याहून मोठी बातमी, निदान मला तरी तसं वाटतं. कारण दवाखान्यात कप हाताशी असतो, त्याला भोक पाडायला एक मिनिट पुरतं आणि सौम्य झटक्याचं मूल त्यानेही बरं होतं. म्हणजे डॉक्टरला रोज वाटत राहणार की कप कामाचा आहे. तो दगा देतो नेमका ज्या मुलाला औषधाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्या बाबतीत. तुलना करून पाहिल्याशिवाय हे कुणाच्या अनुभवातून कळलं नसतं. आणि गोंदाच्या एका थराने एवढा फरक पडतो, हे तरी कुणी आधी सांगितलं असतं?

त्यापुढची दहा वर्षं

एका चाचणीवर प्रकरण संपलं नाही. १९९८ पासूनच या गटाचे पर्यायी स्पेसरवरचे निबंध येत होते. २००० साली त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेला फवारा वेगवेगळ्या स्पेसरमधून मुलांना देऊन, तो फुफ्फुसात किती बसतो हे गॅमा कॅमेऱ्याने पाहिलं. मुलाला बरं वाटलं की नाही हा एक पुरावा. औषध खरोखर छातीत उतरलं की नाही हा दुसरा. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर विश्वास बसतो.

मोठ्या मुलांचं झालं, पण घरघर घेऊन दवाखान्यात सगळ्यात जास्त कोण येतं? दोन-अडीच वर्षांच्या आतली बाळं. त्यांना यंत्रात फुंकता येत नाही, बाटलीचं तोंड ओठांत धरता येत नाही. त्यांची श्वसनमार्गाची रचनाच बारीक, थोडी सूज आली तरी नळी बुजते. म्हणून २००७ साली आलेल्या दुसऱ्या चाचणीत पाच वर्षांखालची ४०० लहान मुलं घेतली. इथे कसोटी फुफ्फुसाच्या आकड्यांची नव्हती, भरती करावं लागलं का, ही होती. बाटली आणि विकतचा स्पेसर यांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, कॉक्रेनच्या आढाव्यात घरगुती आणि विकतच्या स्पेसरची तुलना करणाऱ्या सहा चाचण्या, मिळून ६५८ मुलं, एकत्र पाहिली गेली. निष्कर्ष तोच. त्यातली निम्म्याहून जास्त मुलं २००७ च्या त्या एकाच चाचणीतली, हेही ध्यानात घ्यायला हवं. इतका साधा प्रश्न, इतका मोठा रोग, आणि सगळ्या जगात मिळून सहाच चाचण्या. बाटलीतून नफा कुणाला होणार?

बाटलीच्या मर्यादा

प्रकरण अभ्यासायचं तर त्याच्या कमकुवत बाजूही मांडायला हव्यात.

पहिली गोष्ट, या चाचण्या झटका उतरवणाऱ्या औषधाच्या आहेत. दमा ताब्यात ठेवणारं रोजचं औषध म्हणजे फवाऱ्यातलं स्टेरॉइड. ते वर्षभर बाटलीतून दिलं तर दमा तेवढाच ताब्यात राहतो का, याचं उत्तर या चाचण्यांत नाही. झटक्यात औषध दर थोड्या वेळाने पुन्हा देता येतं, कमी गेलं तर भरून काढता येतं. रोजच्या स्टेरॉइडचं तसं नसतं. मात्रा मोजून दिलेली असते आणि ती सतत कमी पडली तर महिन्यांनी कळतं, पुढचा झटका आल्यावर.

दुसरी अडचण प्लास्टिकची. कोऱ्या प्लास्टिकवर स्थिर वीज असते, ती औषधाचे बारीक कण भिंतीला ओढून घेते. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, कापडाने न पुसता, आपोआप वाळू दिलं तर ती बरीच कमी होते. विकतच्या प्लास्टिकच्या स्पेसरलाही हे लागू आहे. किती घरांत तो लख्ख पुसून ठेवलेला असतो! पुसल्याने वीज परत येते, पण हे चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही.

तिसरी अडचण हाताची. चाचणीतली बाटली जाणत्या माणसाने बनवलेली असते. तिसऱ्या गटाने दाखवलंच आहे की फट राहिली की परिणाम घसरतो. म्हणजे 'घरी बाटली वापरा' एवढं सांगून भागणार नाही. बाटली तयार करून हातात द्यावी लागेल.

आणि मग जागतिक आरोग्य संघटनेची गोष्ट. रुग्णालयातल्या बालोपचारांची त्यांची खिशात मावणारी पुस्तिका जगभरच्या छोट्या दवाखान्यांत प्रमाण मानली जाते. २०१३ च्या आवृत्तीत विकतचा स्पेसर नसेल तर प्लास्टिकचा कप किंवा एक लिटरची बाटली वापरावी, असं सांगितलं आहे. लॅन्सेटमधली चाचणी त्याआधी १४ वर्षं छापून आली होती. तिच्यातला कप थर्माकोलचा होता, पुस्तिकेतला प्लास्टिकचा, हे मान्य. पण कप आणि बाटली यांना एका ओळीत बसवण्याजोगं त्या चाचणीत काही नव्हतं. संशोधन पुस्तकात पोचतं तेव्हा त्यातला 'हो' पोचतो, 'नाही' वाटेत गळतो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

बाकीची कारकीर्द, थोडक्यात

झार यांचं दम्याबाहेरचं काम पाहिलं की बाटली हा अपवाद नव्हता हे कळतं. लहान मुलांना खाकरून बेडका काढता येत नाही, म्हणून क्षयाच्या तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातलं पाणी काढायचं, तेही लागोपाठ तीन दिवस, भरती करून. झार यांच्या गटाने बाळांना खारट पाण्याचा फवारा देऊन बेडका सुटा करण्याची पद्धत तपासली. २५० मुलांवरचा हा अभ्यास २००५ मध्ये आला. असा एक नमुना जठरातल्या तीन नमुन्यांच्या तोडीचा ठरला. २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांना आयसोनियाझिड हे क्षयाचं जुनं, स्वस्त औषध प्रतिबंधक म्हणून देण्याची चाचणी आली. २६३ मुलांपैकी औषध घेणाऱ्या गटात ८ टक्के मुलं दगावली, औषध नसलेल्या गटात १६ टक्के. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला औषधाविना ठेवणं आता योग्य नव्हतं.

जुनी औषधं, साधी साधनं, प्रश्न मात्र नेमका. नव्या रेणूच्या मागे लागण्यापेक्षा आहे ते औषध मुलापर्यंत का पोचत नाही, हे विचारायचं आणि उत्तर आकड्यांत मिळवायचं.

२०१२ पासून मात्र त्यांनी प्रश्न मागे नेला: मुलाला घरघर सुरू होण्याआधी काय घडतं? केप टाउनपासून साधारण ६० किलोमीटरवर पार्ल आहे. तिथल्या म्बेक्वेनी आणि टीसी न्यूमन या दोन सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची नोंदणी सुरू झाली आणि ती २०१५ पर्यंत चालली. ११३७ माता या ड्राकेनस्टीन अभ्यासात आल्या. त्यांच्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. दीड महिन्याच्या बाळाच्या फुफ्फुसाची क्षमता तिथे मोजतात, तीही गुंगीचं औषध न देता. बाळ दूध पिऊन आपसूक झोपायची वाट पाहायची, मग अलगद मास्क ठेवायचा आणि ते जागं होण्याआधी मोजमाप उरकायचं. जागं झालं तर पुन्हा वाट पाहायची. आफ्रिकेत अशी मोजणी इतक्या बाळांवर करून दाखवणं हेच मोठं काम होतं.

त्यातून कळलं ते असं. आईच्या धूम्रपानाची खूण बाळाच्या फुफ्फुसांवर पहिल्या काही आठवड्यांतच सापडते. गरोदरपणी घरातल्या हवेत धूळ आणि धूर जास्त असेल तर बाळाला छातीचे संसर्ग जास्त होतात. पहिल्या वर्षात न्यूमोनियासारखा आजार झालेल्या मुलांची फुफ्फुसं वर्षाच्या शेवटी मागे पडलेली असतात. आरएसव्ही या विषाणूने छाती धरलेली मुलं पुढे पुन्हा पुन्हा घरघर घेऊन येतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला 'दमा' म्हणून जे निदान होतं त्याची सुरुवात कधी कधी पाळण्याच्याही आधीची असते.

केप टाउनला या कामाची निकड होती. १३-१४ वर्षांच्या मुलांमध्ये गेल्या वर्षभरात घरघर झाल्याचं प्रमाण तिथे १९९५ मध्ये १६ टक्के होतं, २००२ मध्ये २० टक्क्यांवर गेलं.

आपल्याकडे

हाच प्रश्न महाराष्ट्रात आणला तर बाटलीची फारशी गरज उरत नाही. तालुक्याच्या औषधाच्या दुकानातही स्पेसर मिळतो, पंपही मिळतो. आपली अडचण दुसरीकडे आहे आणि ती ओपीडीच्या दारातच भेटते.

"डॉक्टर, वाफ द्या, म्हणजे मोकळं होईल त्याला."

"वाफेपेक्षा पंप आणि ही नळी घरी ठेवा. रात्री उठलं तर लगेच देता येईल."

"पंप नको हो. एकदा लागला की सुटत नाही म्हणतात. आणि मुलगी आहे, कागदावर दमा लिहू नका."

हा संवाद ज्याने ऐकला नाही असा बालरोगतज्ज्ञ महाराष्ट्रात सापडणार नाही. मग कागदावर 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' किंवा 'बाळदमा, मोठेपणी जाईल' असं काहीतरी लिहिलं जातं, खोकल्याचं पातळ औषध दिलं जातं, आणि दर पावसाळ्यात, दर दिवाळीत वाफेची फेरी होते. पंपाची सवय लागते ही समजूत इतकी घट्ट आहे की तिच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. त्यापेक्षा मोजून दाखवावं. तोंडावाटे दिलेल्या साल्ब्युटामोलच्या एका गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या गोळीचा विसावा भाग, आणि तोही थेट छातीत. हा हिशोब कागदावर मांडून दाखवला की बहुतेक वडिलांचा चेहरा बदलतो. आयांना दुसऱ्या आईकडून ऐकलेलं जास्त पटतं.

२०२२ मध्ये भारतातल्या नऊ केंद्रांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुणेही होतं. मुलं आणि त्यांचे पालक मिळून सव्वा लाखाहून जास्त लोकांची माहिती गोळा झाली. दम्याचं प्रमाण ६-७ वर्षांच्या मुलांत ३.१६ टक्के आणि १३-१४ वर्षांच्या मुलांत ३.६३ टक्के निघालं. केप टाउनच्या मानाने हे कमी वाटतं. पण ज्यांना गेल्या वर्षभरात घरघर होत होती त्यांतल्या ८२ टक्के लोकांना दमा आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं. त्रास असलेल्यांपैकी रोजचं फवाऱ्याचं स्टेरॉइड घेणारे २.५ टक्क्यांहून कमी होते. दुसरीकडे जगभरच्या रोगभाराच्या अंदाजांनुसार २०१९ मध्ये जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते आणि दम्याने झालेल्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून जास्त भारतात. एवढ्या तफावतीला हवेचा दोष देऊन भागत नाही. निदान न सांगणं आणि रोजचं औषध न देणं, यांचाही त्यात वाटा आहे.

झार यांच्या पद्धतीने इथला प्रश्न मांडायचा तर तो स्पेसर कुठल्या प्लास्टिकचा हा नाही. झटका उतरल्यावर घरी सोडलेल्या मुलांपैकी किती जणांच्या पिशवीत स्पेसर होता? किती जणांच्या चिठ्ठीवर रोजचं फवाऱ्याचं औषध होतं? किती आयांनी ते डॉक्टरांसमोर एकदा तरी देऊन दाखवलं? आणि महिन्याने त्यातल्या किती जणांकडे ते अजून चालू होतं? या मोजणीला गॅमा कॅमेरा लागत नाही. एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग विभागात रजिस्टरला चार रकाने वाढवले आणि एक पावसाळा ते नेमाने भरले, तर पहिला अंदाज येतो. पुढच्या पावसाळ्यात निम्म्या मुलांच्या घरच्यांना घरी सोडताना परिचारिकेने दहा मिनिटं बसवून पंप आणि स्पेसर वापरायला शिकवावं, उरलेल्यांचं नेहमीसारखं चालू द्यावं. कुणाला शिकवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं, डॉक्टरच्या मर्जीने नाही. नैतिक समितीची परवानगी काढावी, पालकांची संमती घ्यावी. आणि परत भरती होणाऱ्या मुलांचा आकडा दोन्ही बाजूंना सारखाच निघाला, तर तोही छापावा.